आई-बापाची अट

निकिता पालवेचा एम.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या गावात त्याचा नेमका अर्थ कुणालाच कळला नव्हता. नर्स तर ती आधीच झाली होती. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला पांढऱ्या कपड्यात फिरताना गावातल्या दोघातिघांनी पाहिलंही होतं. मग आता पुन्हा शाळा कसली, हा प्रश्न सगळ्यांत आधी पडला तो तिच्या आईला, झुंबरबाईला.

दसरा होऊन गेला होता आणि घरात ऊसतोडीला निघायची आवराआवर चालली होती. निकिताचे वडील कानिफनाथ ओसरीत बसून कोयत्यांना धार लावत होते. झुंबरबाई बाजरीचं पीठ पोत्यात दाबून भरत होती. निकिता आईजवळ उकिडवी बसली आणि तिनं एकेक गोष्ट समजावून सांगितली. आधी चार वर्षांची डिग्री लागते. डिग्रीला पंचावन्न टक्क्यांच्या वर मार्क लागतात. मग नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवलेलं लागतं. वर निदान वर्षभर दवाखान्यात ड्यूटी केलेली लागते. आणि हे सगळं असलं तरी सीईटी द्यावीच लागते.

"आन येवढ्यातलं एखादं कमी पडलं तर?" झुंबरबाईनं पोत्याचं तोंड आवळत विचारलं.

"तर नाव काढून टाकतात. कागद तपासायच्या रांगेत माझ्या पुढं एक मुलगी होती. परीक्षेत माझ्यापेक्षा वर होती, पण तिची ड्यूटी थोडक्यात कमी भरली. रडत परत गेली बिचारी."

"बया गं!" झुंबरबाईचा हात थांबला. "मंग तू नीट ऱ्हा बाई. मधीच काही निघायला नको."

कानिफनाथ कोयत्यावरून अंगठा फिरवत हसले. त्यांना त्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण टोळीतल्या माणसांना सांगायला काहीतरी मोठं मिळालं होतं. त्या वर्षी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाईपर्यंत ट्रॅक्टरमधल्या प्रत्येकाला त्यांनी ते दोनदोनदा ऐकवलं.

निकिताचं कॉलेज नगरच्या बाहेर होतं. तिनं विषय घेतला होता कम्युनिटी हेल्थ, म्हणजे दवाखान्यापेक्षा गावात आणि वस्तीवर जाऊन करायचं नर्सिंग. वर्ग अगदी लहान. पहिल्याच दिवशी क्षीरसागर मॅडमनी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितली. कुणाचे वडील शिक्षक, कुणाचे तलाठी, कुणाचं मेडिकलचं दुकान. निकिताच्या शेजारी बसलेल्या दिशानं सांगितलं, "आम्ही पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठाला आमचा ऊस आहे." मग निकिताची पाळी आली आणि ती म्हणाली, "माझ्याही घरी शेतीच आहे."

ते काही अगदीच खोटं नव्हतं. गावाला डोंगराच्या उताराला थोडं रान होतं, पाऊस झाला तर त्यात बाजरी यायची. पण 'शेती' म्हणताना तिच्या मनात ते रान नव्हतं आणि ऐकणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. पुढं दिशाच तिची खोलीतली जोडीदारीण झाली. "तुमच्याकडे पाणी कसं आहे गं?" असं दिशानं एकदा विचारलं, तर निकिता म्हणाली, "आता विहिरीला बरं आहे." विहीर नव्हतीच. एका शब्दाला दुसरा टेकू द्यावा लागत गेला. आईवडील दिवाळीला का भेटत नाहीत? ते मामाकडे गेलेत. फोनच्या मागून वाऱ्याचा आणि ट्रॅक्टरचा आवाज का येतो? शेतात आहेत. दिशा मनानं सरळ होती, तिनं कधी खोदून विचारलं नाही. उलट एकदा ती सहज म्हणाली, "आमच्याकडे तुमच्याच पाथर्डीच्या टोळ्या येतात तोडीला. बायका काय काम करतात गं! पण राहतात कशा, बघवत नाही." निकिता तोंड फिरवून चादरीची घडी घालत राहिली.

एम.एस्सी. नुसत्या परीक्षेवर मिळत नाही. त्यासाठी एक प्रबंध लिहावा लागतो, तोही स्वतः माणसांत जाऊन, माहिती गोळा करून. तो मान्य झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. विषय ठरवायची वेळ आली तेव्हा क्षीरसागर मॅडम म्हणाल्या, "निकिता, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर तू काम कर. तू त्याच भागातली आहेस, तुला त्यांची बोली कळेल. त्या तुझ्याशी मोकळेपणानं बोलतील."  निकिताला नाही म्हणायला कारण सापडेना. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की आपली माणसं तर यंदाही लांब कर्नाटकात आहेत. दिशाच्या गावालगतचा ऊसतोड्यांचा तळ तिनं निवडला. तिथं आपल्या ओळखीचं कुणी असणार नाही, याची तिनं आधी गावातल्या एकाला फोन करून खात्री करून घेतली, आणि ती करून घेताना तिला स्वतःचीच किळस आली.

जानेवारीत कर्नाटकातला ऊस लवकर संपला आणि मुकादमानं कानिफनाथांची टोळी गोदावरीकाठी वळवली. हे निकिताला माहीत नव्हतं. झुंबरबाई त्या आठवड्यात रोज संध्याकाळी फोन करत होती. निकिताची प्रश्नावली मॅडमनी दुरुस्तीला परत दिली होती, ती त्याच गडबडीत होती. स्क्रीनवर 'आई' दिसलं की ती फोन पालथा ठेवी, नंतर करू म्हणे, आणि राहून जाई.

कॉलेजची जीप पुणतांब्याजवळच्या तळावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीनं उभ्या होत्या. बायका रानातून नुकत्या परतल्या होत्या. कुणी चुली पेटवत होत्या, कुणी डोक्यावरचा उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा भारा टाकून तशाच बसल्या होत्या. तळावर आधीपासून असलेल्या मुकादमाच्या बायकोनं सगळ्यांना हाक मारून बोलावलं. एका ताडपत्रीखाली टेबल मांडलं. दिशा वजन, रक्तदाब आणि बोटातलं रक्त बघणार होती, निकिता प्रश्न विचारणार होती. मॅडम पलीकडे पोरांना तपासत होत्या.

दहाएक बायका झाल्या, सगळ्या अनोळखी. काम मार्गी लागलं होतं. निकितानं मान खाली घालूनच म्हटलं, "पुढच्या मावशी या."

कुणीतरी समोर आलं आणि बसलंच नाही. निकितानं वर पाहिलं.

झुंबरबाई उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, कोपरापर्यंत हात पाचटानं ओरखडलेले, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट. लेकीला बघून तिचा चेहरा असा काही फुलला, की तिच्या तोंडातून आता हाक निघणार हे निकिताला दिसलं. निकिताच्या डाव्या हाताला दिशा होती. मागे मॅडम होत्या. जीपजवळ ज्युनिअर पोरी उभ्या होत्या. निकितानं डोळे कागदावर वळवले आणि म्हणाली,

"बसा मावशी. नाव सांगा."

हाक तोंडातच राहिली. झुंबरबाईनं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा शेजारच्या पोरीकडे, मग हळूच खाली बसली. पदर सावरून तिनं परक्या बाईसारखे हात मांडीवर ठेवले.

"झुंबरबाई कानिफनाथ पालवे."

"अगं, पालवे!" दिशा हसून म्हणाली. "निकिता, तुझ्याच आडनावाच्या निघाल्या."

 झुंबरबाईच बोलली, "आमच्या तिकडं निम्मं गाव पालवेच हाय, ताई. कुठं कुठं नातं काढावं!"

निकितानं वय विचारलं. लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"बाळंतपणं किती?"

"तीन. येक गेलं तळावरच, जलमल्या जलमल्या."

हे निकिताला ठाऊक नव्हतं. घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"आता मुलं किती?"

 झुंबरबाई टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "येक पोरगा हाय. रविराज नाव. दहावीला हाय, गावाकडं ऱ्हातो."

निकितानं पेन टेकवलं आणि चौकटीत 'एक' लिहिलं. हात थरथरला नाही. पुढं कितीतरी दिवस तिला त्याचीच लाज वाटत राहिली, की निदान हात तरी थरथरायला हवा होता.

पुढचे प्रश्न पाळीचे होते. ते सगळ्यांनाच विचारायचे होते, म्हणून तिनं विचारले. आणि जे झुंबरबाईनं लेकीला कधी सांगितलं नव्हतं, ते तिनं समोरच्या सिस्टरला सांगितलं. दोन वर्षं झाली, अंगावरून फार जातं. महिन्यातले निम्मे दिवस जातं. लुगड्याच्या घड्या घेऊन रानात जाते. मोळी उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते. आमच्या मुकादमाची बायको म्हणते पिशवी काढून टाक, एकदाचं सुटशील. पण काढली तर एक हंगाम बसावं लागेल, म्हणून तशीच ओढते.

"मावशी, घरात कुणाला सांगितलं नाही तुम्ही?" दिशा कळवळून म्हणाली.

"पोरगा बारका हाय, ताई. त्याला काय सांगायचं? आन मालकांना सांगून उगं घोर लावायचा."

दिशानं बोटातून रक्ताचा थेंब घेतला. आकडा बघून तिनं यंत्र निकितापुढं धरलं. हिमोग्लोबिन साडेसहा. एवढ्या रक्तावर माणसाला पलंगावरून उठू देत नाहीत. आणि ही बाई त्या दिवशी सकाळपासून ऊस तोडून, मोळ्या वाहून आली होती.

तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. निकिताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "छान बोलतं करतेस गं तू. असा विश्वास सगळ्यांना मिळवता येत नाही." निकिताला वाटलं, आपल्याला कुणीतरी इथंच, सगळ्यांदेखत, एक मुस्काटात ठेवून द्यावी.

दवाखान्याची चिठ्ठी घेऊन झुंबरबाई उठली. "येते, सिस्टर," म्हणाली. सिस्टर म्हणताना ती अडखळली नाही.

जीप निघाली तेव्हा उसाचा ट्रॅक्टर भरून येत होता. वर मोळ्यांवर कानिफनाथ बसले होते. जीपमधली निकिता त्यांना दिसली आणि त्यांनी हात उंच करून हाक मारली, "आरं, आमची निक..." खाली रस्त्याच्या कडेला झुंबरबाई उभी होती. तिनं दोन्ही हात वर करून त्यांना गप्प राहायची खूण केली. कानिफनाथांचा वर गेलेला हात तसाच राहिला. निकितानं मान वळवली आणि ती बसल्या जागी मोबाईलमध्ये बघू लागली.

"ते कोण हात करत होते?" ज्युनिअर पोरींपैकी एकीनं विचारलं.

"असेच कुणीतरी," निकिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेज बुडवलं आणि सकाळच्या एसटीनं एकटीच गेली. तळावर म्हातारी माणसं आणि शेरडं तेवढी होती. विचारत विचारत ती रानात पोचली. झुंबरबाई तोडलेला ऊस गोळा करून मोळी बांधत होती. लेक दिसली तरी तिनं हातातलं काम सोडलं नाही. बांध आवळून झाल्यावरच कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली.

"आज सुट्टी हाय व्हय?"

निकितानं काय बोलायचं ते वाटभर जुळवलं होतं. त्यातला एक शब्द धड बाहेर पडेना. "आई, काल मी..." एवढंच निघालं आणि ती रडायला लागली.

झुंबरबाई घाबरली. इकडंतिकडं बघून तिनं लेकीला उसाच्या आडोशाला ओढलं. "काय झालं? कळलं का त्यांला? काढलं का तुझं नाव?"

निकिताला समजेना. "कुणी? कसलं नाव?"

"कालिजातून गं. माझ्यामुळं काही झालं का?" झुंबरबाईचा आवाज बारीक झाला. "तूच सांगितलं हुतं न्हवं, लई अटी असत्यात. टक्के लागत्यात, डूटी लागती, एक कमी पडली तर काढून टाकत्यात. काल तू वळखच दावली न्हाई, तवा मला वाटलं, आई-बाप कोन हायेत ही बी येक अट आसंल. म्हनून म्या पोरगा येकच सांगितला. मालकांना बी गप केलं. काही चुकलं का माझं?"

निकिता खाली ढेकळांत बसली. आईनं चिडावं, टाकून बोलावं, याची तिनं तयारी केली होती. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. अशी अट कुठंच नसते, हे सांगायचं तर मग काल आपण तसं का वागलो हे सांगावं लागणार होतं. तिनं सांगितलं. 'शेती आहे' म्हणाल्यापासून, विहिरीपासून, पालथ्या ठेवलेल्या फोनपर्यंत सगळं सांगितलं.

झुंबरबाई ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"म्हंजी अट न्हवती," ती म्हणाली.

"नव्हती."

"तुलाच नको हुतं."

निकितानं होकाराची मान हलवली. झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या मोळीकडे वळली.  निकिता तिच्या मागोमाग ऊस गोळा करत राहिली. पात्यांनी तिचे हात कापले. लहानपणी तळावर असताना हे काम तिला येत होतं, आता येईना. शेवटी झुंबरबाई पाठमोरीच म्हणाली, "ठिव ते. कापडं खराब हुत्यात तुझी." त्या बोलण्यात राग नव्हता. मायाही नव्हती. पाहुण्या बाईशी बोलावं तसं ते बोलणं होतं.

नगरला परतल्यावर निकिता सरळ मॅडमच्या खोलीत गेली. बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

"मॅडम, कालच्या त्या झुंबरबाई माझ्या आई आहेत."

क्षीरसागर मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "आपल्या नात्यातलं माणूस अभ्यासात घेता येत नाही, हे तुला माहीत होतं."

"हो."

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?"

 मॅडम उत्तरासाठी अडून बसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की ती मुलाखत प्रबंधातून वगळायची, तसं प्रबंधात लिहायचं, आणि तिच्या जागी दुसरी बाई घ्यायची. मग म्हणाल्या, "साडेसहा हिमोग्लोबिन आहे त्यांचं. आईला कुठं दाखवणार आहेस, ते आधी सांग." एवढी लाजिरवाणी गोष्ट सांगूनही मॅडमना आधी पेशंट आठवला, आणि ते आपल्याला आधी आठवायला हवं होतं, या विचारानं निकिताची मान आणखी खाली गेली.

दिशाला तिनं खोलीवर सांगितलं. दिशा रागावली नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडला. "टोळीच्या बायकांबद्दल मी तुझ्यासमोर काय काय बोलले असेन गं," ती म्हणाली. "आणि तू ऐकून घेत होतीस." त्यानंतर दोघी एकमेकींशी जपून, तोलून बोलू लागल्या. परीक्षा झाल्यावर दोघींची गाठ फारशी पडली नाही.

झुंबरबाईला नगरच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. आधी रक्त चढवलं. पिशवीत गाठ होती, ती डॉक्टरांनी पुढं काढली, पिशवी काढायची गरज पडली नाही. निकिता रोज कॉलेज सुटल्यावर जायची. वॉर्डातल्या सिस्टर तिच्या ओळखीच्या होत्या. "कोण गं या?" म्हणून पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, तेव्हा निकिता म्हणाली, "माझी आई. ऊस तोडते." ते इतक्या घाईत आणि मोठ्यानं बोललं गेलं, की शेजारच्या पलंगावरच्या बायकांनी वळून बघितलं. झुंबरबाईनं भिंतीकडे तोंड केलं. पुढं एकदा लेक वेणी घालून देत असताना ती म्हणाली, "सगळ्यांला सांगत बसू नको. लपवायचं बी नको आन वरडायचं बी नको." त्या दिवसापासून ती लेकीशी हळूहळू पहिल्यासारखं बोलू लागली.

निकिताचा प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की ही एक मुलाखत का वगळली. ती म्हणाली, "त्या माझ्या आई होत्या, आणि मी तेव्हा ते सांगितलं नाही." परीक्षकांनी पान उलटलं. ती पास झाली. आज ती जिल्ह्यातल्याच एका नर्सिंग शाळेत शिकवते, आणि हंगामात पोरींना घेऊन तळांवर जाते. काम ती चोख करते. पण एखादी बाई समोर येऊन उभी राहिली आणि लगेच बसली नाही, तर अजूनही ती हातातलं पेन खाली ठेवून आधी वर बघते.

पदवीदानाला झुंबरबाई आली होती, नव्या लुगड्यात. कानिफनाथ आले नाहीत. "ऊस तुटायचा हाय," असा निरोप त्यांनी पाठवला. त्या दिवशीच्या हाकेबद्दल ते निकिताला एका शब्दानं बोलले नाहीत, बायकोलाही नाहीत. निकितानं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, तर ते उठून जनावरांकडे गेले. टोळीत मात्र आता ते लेकीचं काही सांगत नाहीत; कुणी विचारलंच तर म्हणतात, "हाय नगरला, शिकवती." निकिता दर रविवारी घरी फोन करते. कधी कधी तो तेच उचलतात.

"दादा, मी बोलतेय. बरे आहात ना?"

"हां," कानिफनाथ म्हणतात. "थांब. तुझ्या आईला देतो."